पाहिलेले किती, पाठ केलेले किती?

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त भरलेल्या माजी विद्यार्थी मेळाव्यात शाळेच्या एका निवृत्त शिक्षिकेने केलेले भाषण)



साठ वर्षांच्या या शाळेत मी प्रथम विद्यार्थिनी म्हणून आणि पुढे शिक्षिका म्हणून माझ्या आयुष्याचा मोठा भाग घालवला. ‘शाळेने मला काय दिले’ या विषयावर मी बोलावे, असे समितीने सुचवले. मी होकार दिला आणि सांगितले की मी माझ्या आजारपणाविषयी बोलेन. समितीतील मंडळी क्षणभर गप्प झाली. मंगल प्रसंगी कॅन्सरची गोष्ट कशाला, हा प्रश्न त्यांनी विचारला नाही, पण तो त्यांच्या चेहऱ्यावर मी वाचला. इतकी वर्षे वर्गासमोर उभे राहिल्यावर न विचारलेले प्रश्न ऐकू येऊ लागतात. त्या प्रश्नाचे उत्तर या भाषणात मिळावे, असा माझा प्रयत्न आहे.

सुरुवात शाळेपासूनच करते. आठवीत असताना मराठीच्या बाईंनी आम्हाला निबंध दिला होता, ‘आमच्या वर्गाच्या खिडकीतून’. मी दोन पाने भरून लिहिले. हिरवीगार वनराई, झुळझुळ वाहणारा निर्झर, किलबिलणारे पक्षी, सगळे काही त्यात होते. बाईंनी दहापैकी चार गुण दिले आणि खाली तांबड्या शाईने लिहिले, ‘यात पाहिलेले किती आणि पाठ केलेले किती?’ मी रडले. बाईंनी मला जागेवरून उठवले, खिडकीशी नेऊन उभे केले आणि विचारले, ‘सांग, काय दिसते?’ खिडकीबाहेर सायकल दुरुस्तीचे दुकान होते. एक म्हातारा पाण्याच्या घमेल्यात ट्यूब बुडवून बुडबुडे शोधत होता. पलीकडे मुर्रा आणि फुटाणे विकणारी हातगाडी होती. निर्झर म्हणाल तर सार्वजनिक नळाची गळती तेवढी होती. बाई म्हणाल्या, ‘हे लिही.’ मी मनात म्हटले, यात लिहिण्यासारखे काय आहे?

त्या प्रश्नाचे उत्तर मिळायला मला पन्नासएक वर्षे लागली.

सात वर्षांपूर्वीच्या कार्तिकात स्नान करताना माझ्या हाताला स्तनात एक गाठ लागली. हरभऱ्याएवढी होती, दुखत नव्हती. हा अवयव आणि हा शब्द व्यासपीठावरून उच्चारताना सभागृहात जी अस्वस्थता पसरते, तीच माझ्या मनात त्या दिवशी पसरली आणि तिनेच माझा घात केला. मी कोणाला सांगितले नाही. भाचीचे लग्न होऊ दे, वार्षिक परीक्षा होऊ देत, निकाल लागू दे, अशा सबबी मी स्वतःला देत राहिले. ज्या बाईने शेकडो मुलींना आरोग्याचे धडे शिकवले, तिने सात महिने हा धडा मिटून ठेवला. वैशाखात सुनेच्या लक्षात आले, तेव्हा तिने मला हाताला धरून दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी विचारले, ‘केव्हापासून आहे?’ मी म्हटले, ‘महिना झाला असेल.’ आयुष्यभर मुलांना खोटे बोलू नका म्हणून सांगणारी मी, जिथे खरे बोलण्यावाचून गत्यंतर नसते तिथेही खोटे बोलले. तोवर रोग काखेतल्या गाठींपर्यंत पोहोचला होता.

भारतातील स्त्रियांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग हा स्तनाचाच आहे. तो लवकर सापडला तर उपचार सोपे होतात आणि पूर्ण बरे होण्याची शक्यता मोठी असते. ही वाक्ये मला माहीत होती, पण ती पाठ केलेली होती. बाईंचा तांबडा शेरा माझ्या आयुष्यावरही तंतोतंत लागू पडत होता.

ज्येष्ठात शस्त्रक्रिया झाली आणि आषाढ संपता संपता केमोथेरपी सुरू झाली. दर तीन आठवड्यांनी एक, अशा आठ फेऱ्या ठरल्या. आमच्या लहानपणी रायपूरच्या माणसाला हा आजार झाला की घरचे लोक त्याला घेऊन नागपूरला किंवा मुंबईला निघत. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झाले, आणि इथल्या कितीतरी घरांत ‘टाटाला नेले’ हे दोन शब्दच पुरेसे असत. पुढचे कोणी विचारत नसे. आज आपल्या शहरातच डॉ. आंबेडकर रुग्णालयाच्या प्रादेशिक कर्करोग केंद्रापासून अनेक ठिकाणी हे उपचार मिळतात. सकाळी सलाईन लावून संध्याकाळी स्वतःच्या घरी, स्वतःच्या खिडकीशी परत येता येते, ही सोय किती मोठी आहे, हे बस्तर आणि जशपूरहून आलेली, रुग्णालयाच्या आवारात पथारी टाकून राहिलेली माणसे पाहिल्यावर मला कळले.

विद्यार्थ्यांसाठी थोडे शास्त्र सांगते. कर्करोगाच्या पेशी वेगाने वाढतात, म्हणून ही औषधे वेगाने वाढणाऱ्या पेशींवर हल्ला करतात. परंतु केसांची मुळे, तोंडाचे व आतड्याचे अस्तर आणि हाडांतील मगज यांच्या पेशीही वेगानेच वाढतात. औषधाला आपले-परके कळत नाही. डॉक्सोरुबिसिन नावाचे एक औषध तर पळसाच्या फुलांच्या रंगासारखे लालभडक असते. ते नळीतून उतरताना पाहिले की रंगपंचमीची आठवण येई, आणि पुढे आठवडाभर कसलीच आठवण नको वाटे. तोंड सोलून निघते, वरणाला लोखंडाची चव येते. दुसऱ्या आठवड्यात रक्तातील पांढऱ्या पेशी तळाला जातात. डॉक्टरांनी बजावले होते, ‘गर्दीत जायचे नाही, कच्चे काही खायचे नाही, आणि ताप १००.४ च्या वर गेला तर मध्यरात्रही पाहायची नाही, थेट रुग्णालयात यायचे.’

अशा रीतीने मी आमच्या तात्यापाऱ्यातील घराच्या पहिल्या मजल्यावर, रस्त्याकडच्या खिडकीशी येऊन बसले.

पहिले काही दिवस मला त्या रस्त्याचा राग आला. माझे सारे थांबले होते आणि खाली काहीच थांबलेले नव्हते. कचरागाडी रोजचे गाणे वाजवत येत होती. ई-रिक्षावाले वाटेवरून भांडत होते. पेरूच्या भावावरून एक गृहस्थ पाच मिनिटे घासाघीस करीत होते, आणि मला वाटे, यांना पाच मिनिटांची किंमत ठाऊक नाही. भेटायला येणारी माणसे माझ्याकडे पाहत, पण माझ्या डोळ्यांकडे पाहत नसत. कपाळावरच्या रुमालाकडे, बसलेल्या गालांकडे पाहत. आजारी माणसाला सगळे पाहतात, त्याला मात्र पाहण्यासारखे काही उरत नाही, असे वाटण्याचे ते दिवस होते.

मग एका सकाळी केवळ सवयीने मी जुनी वही ओढली, रेघा मारल्या आणि रस्त्याची हजेरी घेतली. हसू नका. शिक्षिकेचा हात रिकामा राहू शकत नाही. डावीकडे नावे लिहिली: भाजीवाली, इस्त्रीवाला, चहावाला, पांढरी गाय, सायकल शिकणारा मुलगा, काठी टेकत देवळात जाणारे आजोबा. वर तारखा टाकल्या. आला तर ‘ह’, नाही आला तर ‘ग’. गुणांकन नाही, शेरा नाही. पण हजेरी घ्यायची म्हणजे नीट पाहावे लागते. ढोबळ पाहून चालत नाही.

आणि पाहू लागले तसा तो रस्ता मला उलगडू लागला. इस्त्रीवाला कोळसे पेटवल्यावर पहिली इस्त्री गिऱ्हाइकाच्या कपड्यावर फिरवत नसे. स्वतःच्या गमछ्यावर फिरवून ताप पाहत असे. चहावाला पहिला कप रस्त्यावर ओतून मगच धंदा सुरू करी. सायकल शिकणाऱ्या मुलाला त्याचा बाप मागून धरी, आणि मुलगा ओरडे, ‘सोडू नका!’ एके दिवशी बापाने सोडले. मुलगा पन्नास पावले गेला, मागे वळून पाहिले आणि पडला. त्या दिवशी त्याच्या नावापुढे मी ‘ह’ लिहिला आणि नियम मोडून शेजारी एक चांदणी काढली.

भाजीवाली आमच्या फाटकासमोरच बसे. खारुनपलीकडच्या गावातून ती पहाटे सामायिक ऑटोने येई. टुकनीत लाल भाजी, चेच भाजी, करमत्ता, ऋतूप्रमाणे जे असेल ते. आधी जागा झाडायची, पाणी शिंपडायचे, मग जुड्या मांडायच्या. मांडून झाले की कनवटीची डबी काढून दातांना गुडाखू घासायचा. तंबाखू आणि गुळाची ही काळी मिश्री आपल्याकडे किती बायाबापड्यांची सकाळ सुरू करते, हे मी तुम्हाला सांगायला नको. दुपारी ती बासी खाई. रात्रीचा भात पाण्यात घातलेला, वर मीठ, शेजारी कांदा आणि दोन हिरव्या मिरच्या. मिरचीचा तुकडा ती असा कचकन तोडी की वर बसलेल्या, तोंड सोललेल्या माझ्या डोळ्यांत पाणी येई. पण तिचे ते जेवण मी रोज पाहत असे. मला जेवण जात नव्हते त्या दिवसांत मी तिच्याबरोबर जेवले, असे म्हटले तरी चालेल.

ती वर पाहून रोज एकच विचारी, ‘बने हव, बहिनजी?’ बऱ्या आहात ना? मी हात हलवी. वर येऊन चौकशी करणाऱ्यांना मी कशी आहे हे सांगताना दम लागे. तिला हात हलवलेला पुरे होई.

असे महिने गेले. दिनदर्शिका मी रस्त्यावरच वाचत होते. आपल्याकडची दिव्याची अवस आणि इथली हरेली एकाच दिवशी येतात. आमच्या देवघरात सून दिवे उजळत होती, तेव्हा खाली दारोदार कडुलिंबाच्या डहाळ्या खोचल्या जात होत्या. पोळ्याला मातीचे बैल विकायला आले. त्याच आठवड्यात माझे केस उशीवर राहू लागले. तीजेच्या आदल्या दिवशी करू भातासाठी कारल्यांवर झुंबड उडाली. भाजीवालीची टुकनी दहा वाजताच रिकामी झाली आणि ती माहेरी गेली. चार दिवस तिच्या नावापुढे ‘ग’ पडला. त्या चार दिवसांत ‘बने हव’ विचारणारे कोणी नव्हते, तेव्हा ते दोन शब्द मला किती लागत होते ते कळले. दिवाळीच्या आधी टोपलीत मातीचा राघू घेऊन सुवा नाचणाऱ्या बायका आल्या. त्यांच्या टाळ्यांचा ठेका इतका सावकाश होता, की त्या तालावर मला चालता येईल असे वाटले, आणि मी खोलीतल्या खोलीत चालून पाहिले.

एक दिवस खालून अंत्ययात्रा गेली. पाचव्या फेरीनंतरचा नववा दिवस होता. शरीरात त्राण नव्हते, आणि ‘राम नाम’ कानावर आले. सून धावत खिडकी लावायला आली. मी तिला थांबवले. मला पाहायचे होते. इस्त्रीवाल्याने इस्त्री उभी केली. चहावाल्याने शेगडीची आच कमी केली. भाजीवाली उठून उभी राहिली, पदर सावरून तिने हात जोडले. घासाघीस करणारे गृहस्थ पिशवी खाली ठेवून बाजूला झाले. तिरडी पुढे गेली. एक-दोन मिनिटे गेली असतील. मग इस्त्री पुन्हा फिरू लागली आणि गृहस्थांनी तुटलेला भाव पुन्हा जिथल्या तिथे धरला.

पूर्वी मी याला जगाची निष्ठुरता म्हटले असते. तशी वाक्ये मला भरपूर पाठ आहेत. पण मी जे पाहिले ते निराळे होते. ज्यांचा त्या मृताशी काडीचा संबंध नव्हता, त्यांनी हातातले काम ठेवून त्याला वाट दिली होती. आणि नंतर ते कामाला लागले, कारण कोळसे विझून चालणार नव्हते, भाजी सुकून चालणार नव्हती. उद्या माझी वेळ आली, तर हा रस्ता माझ्यासाठीही दोन मिनिटे उभा राहील आणि मग चालू लागेल. तो चालू लागेल या विचाराने मला त्या दिवशी बरे वाटले. का वाटले, हे मी नेमके सांगू शकत नाही. पण त्या रात्री मी बऱ्याच दिवसांनी शांत झोपले.

सहाव्या फेरीनंतर ताप आला. पारा १०१ वर गेला, आणि मुलाने मध्यरात्री मला रुग्णालयात नेले. चार दिवस मी तिथे होते. परतल्यावर खिडकी उघडली, तर भाजीवाली तराजू ठेवून उभी राहिली आणि खालूनच मोठ्याने म्हणाली, ‘चार दिन ले खिरकी नइ खुलिस, मोला डर लागिस.’ चार दिवस खिडकी उघडली नाही, मला भीती वाटली. इस्त्रीवाल्यानेही मान हलवली. सुनेने मागाहून सांगितले, की दोघे रोज फाटकाशी येऊन विचारून जात होती.

मी वही मिटून ठेवली. इतके महिने मला वाटत होते की हजेरी मी घेते आहे. प्रत्यक्षात रस्ताही माझी हजेरी घेत होता, आणि त्याच्या वहीत माझ्या नावापुढे चार दिवस ‘ग’ पडला होता.

मार्गशीर्षात थंडीच्या पहाटे बसदेवा येऊ लागला. प्रत्येक कडव्यानंतर ‘जय गंगान’ म्हणत तो दारोदार फिरतो. धान घरात आले की तो येतो. माझ्या आजीने सांगितलेल्या गोष्टींतला, मोरपिसांची टोपी घातलेला, टाळ-चिपळ्या वाजवीत येणारा वासुदेव मी विदर्भातल्या आजोळी एकदाच पाहिला होता. नाव जवळपास एक, वेळ एक, मागणे एक. आजीच्या गोष्टीतला वासुदेव मी आयुष्यभर हळहळून आठवला, आणि त्याचा भाऊबंद माझ्या दारावरून दरवर्षी जात होता तेव्हा मी झोपेत असे.

आता जी गोष्ट सांगण्यासाठी मी उभी राहिले आहे, ती सांगते. ही सांगायला मी भाजीवालीची परवानगी घेतली आहे. तिने दोन अटी घातल्या: नाव सांगायचे नाही, आणि तिला कार्यक्रमाला बोलवायचे नाही, कारण संध्याकाळ हा तिच्या धंद्याचा वेळ आहे.

मार्गशीर्षातच माझ्या लक्षात आले, की दुपारी बासी खाताना ती मिरच्या बाजूला ठेवते. पहिल्या दिवशी वाटले, तिखट असेल. दुसऱ्या दिवशीही तेच. मग तिने मिरच्या आणणेच सोडले. कांदाही गेला. घास लहान झाले आणि ती ते एकाच गालाने चावू लागली. रस्त्यावरून जाणाऱ्या कोणालाही हे दिसले नसते. मला दिसले, कारण मी तिचे जेवण महिनोन् महिने पाहत आले होते. आणि रुग्णालयाच्या बाकावर माझ्या शेजारी बसलेल्या माणसांनी मला सांगितले होते, की त्यांची सुरुवात अशीच झाली होती. तिखट झोंबू लागले, तोंड पुरते उघडेना, गालात पांढरे काहीतरी दिसले. भारतातील पुरुषांत तोंडाचा कर्करोग सर्वाधिक आढळतो, आणि तंबाखू-सुपारीच्या आहारी गेलेल्या बायकाही त्यातून सुटत नाहीत.

मुलांनो, मला वाटते तुम्ही म्हणाल, मग बाईंनी तिला लगेच सांगितले असेल. नाही. मी तीन आठवडे गप्प बसले. खिडकीतून ओरडून कसे सांगायचे? सुनेकरवी निरोप धाडला तर ती घाबरेल. माझा अंदाज चुकीचा ठरला तर? फेऱ्या संपू देत, मग पाहू. या सबबी मला ओळखीच्या वाटू लागल्या. सात महिने मी स्वतःला दिलेल्या सबबींची ही भावंडे होती. पाहण्यात मी आता हुशार झाले होते. पण पाहून गप्प बसणारी मी तीच होते.

पौष पौर्णिमेला छेरछेरा असतो. नवे धान घरी आलेले असते, आणि ‘छेरछेरा’ असा पुकारा करीत मुले दारोदार धान मागत फिरतात. त्या दिवशी कोणी नाही म्हणत नाही. आठवी फेरी होऊन तीनेक आठवडे झाले होते, रक्त तपासून डॉक्टरांनी बाहेर पडायला परवानगी दिली होती. खाली मुले पुकारा करू लागली. सूपभर धान घेऊन, कठड्याला धरत, मी जिना उतरले. अठरा पायऱ्या. आषाढापासून रुग्णालयाखेरीज मी कशासाठीही त्या उतरले नव्हते. मुलांच्या पिशव्यांत धान घातले. त्यांतल्या एकाने माझ्या बोडक्या डोक्याकडे पाहून विचारले, ‘तिरुपतीला गेला होता?’ मी म्हटले, ‘हो, जवळजवळ.’

मग रस्ता ओलांडून मी भाजीवालीसमोर उकिडवी बसले. इतके महिने जिला वरून पाहिले, तिला समोरून प्रथमच पाहत होते. वरून दिसत नव्हते ते दिसले: डोळ्यांखालची काळी वर्तुळे, आणि बोलताना गालाशी जाणारा हात. मी म्हटले, ‘मिरची का सोडलीस?’ ती चमकली. ‘तुम्हाला कसे कळले?’ मी वर खिडकीकडे बोट दाखवले. मग तिला माझी गोष्ट सांगितली. गाठ केव्हा लागली, किती दिवस लपवली, डॉक्टरांशी काय खोटे बोलले, सारे सांगितले. मुलाला, सुनेलाही मी तोवर ती सात महिन्यांची गोष्ट सांगितलेली नव्हती. रस्त्याच्या कडेला, लाल भाजीच्या जुड्यांमध्ये बसून, मी ती प्रथम उच्चारली. ती ऐकत राहिली. मग पदराआडून तोंड उघडून तिने मला दाखवले.

गालाच्या आत पांढरा चट्टा होता.

‘किती दिवस झाले?’ मी विचारले. ती म्हणाली, ‘महिना.’ आम्ही दोघी एकमेकींकडे पाहत राहिलो. मग ती खाली पाहून म्हणाली, ‘दिवाळीच्या आधीपासून.’

दुसऱ्या दिवशी इस्त्रीवाल्याने तिचा पसरा सांभाळला आणि आम्ही दोघी सरकारी दंत महाविद्यालयात गेलो. तुकडा तपासला. तो कर्करोग नव्हता, पण त्या वाटेवरचा मुक्काम होता. गुडाखू आणि सुपारी सोडायची आणि ठरलेल्या तारखांना दाखवायला यायचे, असे डॉक्टरांनी सांगितले. तिने सोडले, एवढे म्हणून ही गोष्ट संपवता आली असती, पण ते पाठ केलेले वाक्य झाले असते. तिने सोडले, पुन्हा धरले, पुन्हा सोडले. चाळीस वर्षांची सवय आहे. डोके दुखते, पोट साफ होत नाही, हात कनवटीला जातो. आता दीड वर्ष तिने डबीला हात लावलेला नाही. तपासणीच्या तारखा माझ्या वहीत आहेत, आणि माझ्या तपासणीच्या तारखा तिला तोंडपाठ आहेत. गेल्या मार्गशीर्षात तिच्या बासीबरोबर एक मिरची मला दिसली. मी काही बोलले नाही. वहीत एक चांदणी काढली.

माघात माझे किरणोपचार झाले. शनिवार-रविवार सोडून पंधरा दिवस मी जात होते. जाताना भाजीवाली हात करी, येताना चहावाला. पाडव्याला गुढी उभारली, तेव्हा डोक्यावर बोटभर केस आले होते. ते कुरळे आले, जे आयुष्यात कधी नव्हते. आज सहा वर्षे तपासण्या ठीक आहेत. पुढचे मला माहीत नाही. कोणालाच नसते.

मित्रहो, शाळेच्या हीरक महोत्सवात ही गोष्ट का सांगितली, ते सांगून थांबते. आपण रायपूरची मराठी माणसे कित्येक पिढ्या एका खिडकीशी बसलेली आहोत. कोणाचे पूर्वज नागपूरकर भोसल्यांच्या काळात आले, कोणाचे रेल्वेबरोबर आले, कोणाचे नोकरीच्या निमित्ताने. घरात मराठी, बाहेर छत्तीसगढी आणि हिंदी. आपण आपली भाषा जपली याचा मला अभिमान आहे. ती या शाळेनेच जपली. पण जपता जपता खिडकीची दारे कधी लावून घेतली जातात, ते कळत नाही. याच शहरात माधवराव सप्रे राहिले. घरची भाषा मराठी असलेल्या त्या माणसाने १९०० साली पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ काढले, ‘दासबोध’ आणि लोकमान्यांचे ‘गीतारहस्य’ हिंदीत नेले, आणि १९२६ मध्ये रायपुरातच देह ठेवला. आपली शिदोरी घेऊन ते जिना उतरले होते. मला तो जिना उतरायला आजार व्हावा लागला.

मुलींनो आणि त्यांच्या आयांनो, तुम्हाला दोन गोष्टी सांगते, त्या घरी न्या. शरीरात काही वेगळे हाताला लागले तर सात महिने थांबू नका. सात दिवसही थांबू नका. लाज वाटली तर माझे नाव सांगा, ‘आमच्या बाईंनी भर सभेत सांगितले’ म्हणा. आणि मुलांनो, घरात कोणी गुडाखू, गुटखा, सुपारी खात असेल, तर आज रात्री त्यांना तोंड उघडायला सांगा. त्यांच्याच हाताची तीन बोटे, एकावर एक धरून, तोंडात उभी मावली पाहिजेत. मावली नाहीत, किंवा आत पांढरा वा लाल चट्टा दिसला, तर डॉक्टरांकडे न्या. ओरडू नका, रागावू नका. नुसते बरोबर जा.

बाई आज नाहीत. त्यांनी दिलेला निबंध मी आज त्यांच्याच शाळेत पुन्हा लिहून वाचून दाखवला आहे. यात निर्झर नाही, वनराई नाही. इस्त्रीचा कोळसा आहे, लाल भाजी आहे, एक मिरची आहे. सगळे पाहिलेले आहे. दहापैकी किती गुण द्यायचे ते तुम्ही ठरवा.

या शाळेत रोज सकाळी आपले नाव पुकारले जाई आणि आपण उभे राहून ‘हजर’ म्हणत असू. त्या एका शब्दाचा अर्थ मला फार उशिरा कळला. तुम्हाला तो लवकर कळो, एवढी शुभेच्छा देते, शाळेला शतकमहोत्सवासाठी दीर्घायुष्य चिंतते आणि आपली रजा घेते.

नमस्कार.